तंबू नदीच्या कितव्या मजल्यावर?

कॅम्पिंगचं बुकिंग करताना फोटो चाळत गेलं की बहुतेकांचं बोट एकाच जागी थांबतं: पाण्याला लागून हिरवळ, डोक्यावर दोन मोठी झाडं, समोर संथ नदी. ही साइट सगळ्यात आधी जाते. अमेरिकेतल्या मिडवेस्टच्या नदीखोऱ्यात संशय घ्यायचा तो नेमका हिचाच. ती इतकी सपाट का? नदीने गाळ आणून टाकला म्हणून. हिरवळ इतकी दाट का? त्याच गाळामुळे. आपल्याकडे अशा जमिनीला मळई म्हणतात. तिच्यात वांगी, कलिंगडं लावतात. घर कोणी बांधत नाही.

इथे बोलतोय ते ड्रिफ्टलेस एरियाबद्दल. म्हणजे नैर्ऋत्य विस्कॉन्सिन, आग्नेय मिनेसोटा, ईशान्य आयोवा आणि इलिनॉयचा वायव्य कोपरा. शिकागो, मॅडिसन किंवा मिनिआपोलिसहून लाँग वीकेंडला गाडीने सहज गाठता येतो. हिमयुगातल्या बर्फाने आजूबाजूचा मुलूख रंधा मारल्यासारखा सपाट केला, हा तुकडा मात्र सुटला. म्हणून इथे उभे कडे आहेत, अरुंद दऱ्या आहेत आणि त्यांच्या तळाशी नागमोडी नद्या. देखणं आहेच. पण मोठा पाऊस झाला की चारी उतारांवरचं पाणी मुरायची वाट न बघता थेट तळाशी येतं.

या खोऱ्याचे तीन मजले धरा. तळमजला म्हणजे मळई, पाण्यापासून जेमतेम चार-सहा फूट वर. मधला मजला म्हणजे नदीने कधीकाळी मागे सोडलेली पायरी, पंधरा-तीस फूट उंच. आणि वरचा मजला म्हणजे कड्याचा माथा. साइटचा नंबर, सावली, बाथरूम किती जवळ, हे सगळं नंतर. आधी मजला ठरवा.

तळमजल्याचा धोका किती खरा आहे? १८-१९ ऑगस्ट २००७ ला मिनेसोटातल्या होका गावी २४ तासांत १५.१० इंच पाऊस झाला, म्हणजे सुमारे ३८३ मिलिमीटर. त्या राज्याचा तो विक्रम आहे. त्याच पुरात दरीच्या तळाशी असलेल्या व्हाइटवॉटर स्टेट पार्कची मोठी नासधूस झाली. २७-२८ ऑगस्ट २०१८ च्या रात्री विस्कॉन्सिनमध्ये कून क्रीक आणि किकापूच्या वेस्ट फोर्कच्या खोऱ्यात पूर अडवायला बांधलेले पाच लहान बांध फुटले. किकापूकाठच्या सोल्जर्स ग्रोव्ह गावाने तर १९७८ च्या पुरानंतर आपली बाजारपेठच उचलून वर टेकडीकडे नेली. आख्खी बाजारपेठ जिथून हलली, तिथे दोन हजार मिलिमीटर वॉटरप्रूफिंगचा तंबू काय टिकणार!

मात्र सगळ्या नद्या एका स्वभावाच्या नाहीत. मिसिसिपी हत्तीसारखी फुगते, सावकाश. तिचा मोठा पूर बहुधा एप्रिलमध्ये, उत्तरेचा बर्फ वितळल्यावर येतो. प्रेरी डू शीनचा विक्रमी पूर एप्रिल १९६५ मधला आहे. तिचा अंदाज काही दिवस आधी मिळतो आणि पार्कवाले तळमजल्याच्या साइट्स बंद करून मोकळे होतात. किकापू, रूट, व्हाइटवॉटर यांचं तसं नाही. तिथे हिशोब तासांचा. शिवाय इथली मोठी वादळं जून-जुलैत पुष्कळदा रात्री येतात. म्हणजे पाणी चढायचं ते तुम्ही गाढ झोपेत असताना.

कोल्हापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. पावसाळ्यात सकाळी चहाबरोबर तोच आकडा. इथल्या नद्यांवरही तसेच मापक आहेत. किकापूचं माप ला फार्जला, लोअर विस्कॉन्सिनचं मस्कोडाला. नॅशनल वेदर सर्व्हिसच्या पानावर आजची पातळी, पुढचा अंदाज आणि पुराचे टप्पे एकाच आलेखात दिसतात. एकटा आकडा फारसं सांगत नाही. आलेख कुठे चाललाय ते बघा. पातळी बेताची पण रेघ दोन दिवस चढती आणि वरच्या अंगाला पावसाचा अंदाज, तर तळमजला सोडून द्या. आणि मापक तुमच्या कॅम्पच्या वरच्या अंगाला आहे की खालच्या, हे नकाशावर तपासा. खालच्या मापकावर आकडा चढेपर्यंत पाणी तुमच्या चुलीपाशी येऊन गेलेलं असतं.

साइटवर पोचल्यावर खुणा स्वतःच बोलतात. झाडांच्या बुंध्यांवर एका उंचीला चिखलाची फिकट रेघ. फांद्यांच्या बेचक्यात अडकलेला काडीकचरा. तो डोक्याच्या वर असेल तर पाणीही तितकं होतं, सरळ हिशोब. आजूबाजूला सगळे सिल्व्हर मेपल आणि कॉटनवूडच असतील तर समजा, इथे पाय नेहमी ओले असतात. विजेचे खांब बघा. साधे खोके कमरेएवढे असतात. ते छातीच्या किंवा डोक्याच्या उंचीला चढवले असतील तर पार्कवाल्यांना अनुभव आहे.

मग सरळ माथ्यावर जावं का? विस्कॉन्सिन नदी मिसिसिपीला मिळते तिथे, संगमाच्या सुमारे ५०० फूट वर वायलूसिंग स्टेट पार्क आहे. मार्केट आणि जोलिए हे फ्रेंच शोधप्रवासी १७ जून १६७३ ला याच संगमातून मिसिसिपीत शिरले. तिथल्या विस्कॉन्सिन रिज कॅम्पग्राउंडच्या कडेच्या साइट्सवरून सकाळी खालचं खोरं धुक्याने भरलेलं दिसतं आणि तुम्ही त्या धुक्याच्या वर कोरड्या जागी बसून चहा पिता. पण त्या साइट्सची किंमतही आहे. वारा थेट लागतो. पेग पूर्ण ठोकले नाहीत, दोऱ्या ताणल्या नाहीत, की रात्री तंबूचं शीड होतं. वीज कडाडते तेव्हा माथा ही सगळ्यात वाईट जागा. आणि दोन-चार वर्षांचं पोर बरोबर असेल तर कडा तुमच्या टेबलापासून किती पावलांवर आहे, ते फोटोत कळत नाही. लहान मुलं असतील तर त्याच पार्कातलं होमस्टेड कॅम्पग्राउंड घ्यावं. ते कड्यापासून आत आहे. संगम बघायला चालत जाता येतं, उशाशी कशाला हवा?

थंडीचं गणित मात्र उलट आहे. निरभ्र रात्री गार हवा जड होऊन तळाशी साचते. सप्टेंबर अखेरीस माथ्यावर शालीवर भागतं, तिथे तळाशी कानटोपी लागते. खाली दव इतकं पडतं की तंबू पहाटे आतून-बाहेरून ओला, आणि पूर्वेला उंच कडा असेल तर ऊन यायला नऊ-दहा वाजतात. ओला तंबू गुंडाळून परतायचं नसेल तर कड्याची पश्चिमेकडे उतार असलेली बाजू टाळा. सकाळचं ऊन पूर्वेला मोकळ्या साइटवरच लवकर येतं.

म्हणून माझं मत मधल्या मजल्याला. पूर पोचत नाही, वारा अडतो, नदी पाच मिनिटांवर. अडचण एकच: मिसिसिपीकाठी याच पायरीवरून रेल्वे जाते.

हे हलक्यात घेऊ नका. विस्कॉन्सिनच्या काठाने बीएनएसएफ कंपनीची मालगाडी, पलीकडे मिनेसोटा-आयोवाच्या काठाने सीपीकेसीची, रात्रभर. रुळांचा खडखडाट सवयीने पचतो, भोंगा पचत नाही. रस्ता रूळ ओलांडतो तिथे गाडीने १५ ते २० सेकंद आधीपासून भोंगा वाजवायचा असा नियम आहे: दोन लांब, एक आखूड, एक लांब. आवाज ९६ ते ११० डेसिबल. तेव्हा नकाशावर नुसते रूळ शोधू नका, क्रॉसिंग शोधा. क्रॉसिंगपासून मैलभर दूर, रुळाच्या जवळची साइट एकवेळ चालेल. क्रॉसिंगजवळची, रुळापासून लांब दिसणारीही, नको. कडे आवाज परतवतात, तोही भाग आहेच.

डासांचंही मजल्यावरच अवलंबून आहे, पण त्यात एक मेख आहे. पुराचं पाणी ओसरून डबकी राहिली की साधारण आठवडा-दहा दिवसांनी डासांची फौज उठते. म्हणजे पूर येऊन गेला, ऊन पडलं, आता जाऊया, हा विचार नेमका चुकीच्या शनिवारी नेतो. उलट व्हाइटवॉटरला डास फार कमी. झऱ्यांचं गार, वाहतं पाणी, साचायला जागा नाही. मे महिन्यात वाहत्या पाण्याजवळ बारीक काळ्या माश्या कानामागे आणि केसांत चावतात, तिथे टोपीच कामाची. जून-जुलैत मिसिसिपीवर मेफ्लाय नावाचे पाणकिडे उठतात, कधी इतके की ला क्रॉसच्या हवामान खात्याच्या रडारवर ढगासारखे दिसतात. चावत नाहीत, पण कंदील लावून पोहे करायला घेतले तर पोह्यांत शेंगदाण्यांपेक्षा तेच जास्त. कंदील लांब टांगा आणि स्वयंपाक उजेडी उरका.

गोचीड हा जास्त गंभीर विषय. मे ते जुलै लहान पिल्लं खसखशीएवढी असतात. गोचिडीतून होणाऱ्या लाइम आजाराचा जंतू अंगात जायला बहुधा चोवीस तासांहून जास्त वेळ लागतो, म्हणून रोज रात्री काखा, जांघा, गुडघ्यांची मागची बाजू आणि केसांची रेघ तपासली तर बरंच निभावतं. कपड्यांना आदल्या दिवशी ०.५ टक्के पर्मेथ्रिन मारून वाळवा. ते अंगाला लावायचं नाही. साइटच्या कडेला गवत कापलेलं आहे का तेही बघा. दोन झाडंही ओळखून ठेवा. पॉयझन आयव्ही, बेलासारखी तीन-तीन पानं, मधल्या पानाचा देठ लांब. आणि वाइल्ड पार्सनिप, शेपूच्या फुलोऱ्यासारखी पिवळी छत्री. तिचा चीक अंगाला लागून वर ऊन पडलं की भाजल्यासारखे फोड येतात. मुलांना फुलं तोडू देऊ नका.

तंबू उभारण्याआधी वर बघायचं. एमरल्ड अ‍ॅश बोरर या किड्याने इथली अ‍ॅशची झाडं उभीच्या उभी मारली आहेत. साल सोललेली, फिकट, बिनपानांची. त्यांच्याखाली झोपायचं नाही. सिल्व्हर मेपलची फांदीही वाऱ्यात काटकन मोडते. याच किड्यामुळे लाकडांवर निर्बंध आहेत. विस्कॉन्सिनच्या पार्कात १० मैलांच्या आतलं किंवा प्रमाणित लाकूडच चालतं. घरामागची फाटी डिकीत टाकून आणू नका.

विजेची साइट घ्यावी का? नुसता तंबू असेल तर मी नको म्हणेन, कारण शेजारी आरव्ही, म्हणजे चाकांवरची घरं, येतात आणि त्यांचे एसी रात्रभर घुमतात. पण झोपेत श्वासासाठी लागणारं सीपॅप मशीन असेल किंवा सासू-सासऱ्यांसाठी गरम पाणी लागत असेल तर घ्यावीच. काही खांबांवर फक्त ३० अँपिअरचं सॉकेट असतं, त्यात घरचा प्लग बसत नाही. अडॅप्टर जवळ ठेवा. साधं २० अँपिअरचं असेल तर १८०० वॉटचं इंडक्शन एकटंच १५ अँपिअर खातं. त्याच वेळी इन्स्टंट पॉटमध्ये भात लावला की ब्रेकर पडणारच.

बुकिंगच्या खिडक्या राज्यागणिक वेगळ्या. विस्कॉन्सिन ११ महिने आधी उघडतं, मिनेसोटा १२० दिवस, आयोवा ३ महिने. मेअखेरच्या मेमोरियल डेला वायलूसिंगची कडेची साइट हवी असेल तर आदल्या जूनमध्येच बसावं लागतं. विस्कॉन्सिन आणि मिनेसोटात गाडीचा पास कॅम्पच्या भाड्याहून वेगळा पडतो. एका साइटवर साधारण सहा माणसं किंवा एक कुटुंब, त्यामुळे पाच-सहा घरांचा गट असेल तर लागून असलेले नंबर बघून फसू नका. बऱ्याच लूपमध्ये सम एका बाजूला, विषम दुसऱ्या बाजूला असतात; १४ आणि १५ समोरासमोर, मध्ये रस्ता. त्यापेक्षा ग्रुप साइट घ्या. अंताक्षरी तिथेही रात्री दहाच्या आत संपवायची. आणि रॅकून कूलरचं झाकण सहज उघडतो. श्रीखंडाचा डबा रात्री गाडीत.

दरीच्या तळाशी फोनला रेंज नसते हे गृहीत धरा. १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झवरचा वेदर रेडिओ लहान आणि स्वस्त मिळतो, तो तंबूत चालू ठेवून झोपा. वादळात तंबू हा आसरा नव्हे. बाथरूमची पक्की इमारत कुठे आहे ते उजेडी चालत जाऊन बघा.

उरला वाळूचा प्रश्न. प्रेरी डू सॅकच्या धरणापासून मिसिसिपीपर्यंत विस्कॉन्सिन नदी ९२ मैल बिनधरणाची वाहते आणि तिच्यातल्या सरकारी वाळूच्या बेटांवर तंबू ठोकायला परवानगी आहे. काचेच्या बाटल्या चालत नाहीत. ऑगस्ट-सप्टेंबरात पाणी उतरल्यावर ही बेटं उघडी पडतात. बेटाचं खालच्या अंगाचं टोक जपून. गुडघाभर पाण्यात चालता चालता वाळू एकदम तुटते आणि पुढे डोक्याएवढं पाणी असतं. पोहता येणाऱ्यांनीही तिथे लाइफजॅकेट घालावं. तंबू बेटाच्या सर्वांत उंच जागी ठोका आणि कनू (वल्ह्याची होडी) ओढून त्याच्या शेजारी न्या, बांधून ठेवा, कारण वरून धरणाचं पाणी सुटलं तर रात्रीत पातळी चढते. पाण्याच्या कडेला, ओल्या रेघेवर, एक काडी रोवा. झोपायच्या आधी बघा, रात्री जाग आली की टॉर्च मारा. काडी वीतभर पाण्यात गेली असेल तर सकाळची वाट बघायची नाही. पोरांना उठवा, सामान कनूत भरा.