अमळनेरच्या उन्हात गरम पाण्याचा टब कशाला?

लग्नात, बाजारात, बँकेच्या रांगेत, सगळीकडे हाच प्रश्न. "मे महिन्यात ४५ डिग्री सोसणाऱ्या गावात घरात हॉट टब कशाला?" तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सगळं सांगतो.

आईचे गुडघे. दर हिवाळ्यात ती अडावदजवळच्या उनपदेवला जायची. गोमुखातून पडणाऱ्या गरम पाण्याखाली पाय धरून बसली की चार दिवस बरी चालायची. पुढे तिला एसटीची पायरी चढवेना. टब हिवाळ्यासाठी आहे, आणि आपल्याकडची पहाटेची थंडी तुम्हाला मी सांगायला नको. हौस माझीही होती. "फक्त आईसाठी" असं तेव्हा सांगायचो, ते अर्धंच खरं.

पाण्याची नासाडी म्हणाल, तर टबातलं हजार लिटर पाणी रोज बदलत नाही. फिल्टर आहे, क्लोरीन आहे, तीन महिने चालतं. हजार लिटर म्हणजे एक टन, म्हणून खोली तळमजल्यावरच घेतली. वॉटरप्रूफिंगनंतर दोन दिवस पाणी भरून ठेवलं, थेंब झिरपला नाही. अर्थिंग तपासून घेतलं, करंट उतरला तर लाइन तोडणारा ३० मिलिअँपियरचा ब्रेकर बसवला. यात मी कसूर केली नाही.

कसूर झाली ती वाफेत. मिस्त्री म्हणाला होता, "भाऊ, हवा खेळती ठेवा." मी म्हणालो, खान्देशात ओल कुठली? इथे धुतलेलं धोतर तासाभरात वाळतं. उन्हाळ्यात कूलर लावला की खिडकी उघडी ठेवायची, नाहीतर अंथरूणसुद्धा दमट होतं, हे मी लहानपणापासून जाणतो. तरी टबाच्या खोलीला एक्झॉस्ट फॅन लावला आणि दार मात्र घट्ट बसवलं. बाहेरून हवा आत यायला फटच नाही, मग फॅन ओढणार काय? वरून जिप्समचं फॉल्स सीलिंग. वाफ त्याच्या सांध्यांतून वर शिरायची आणि थंड स्लॅबला लागून तिचं पाणी व्हायचं. आईच्या खोलीची आणि या खोलीची भिंत एकच, पण ती सीलिंगच्या वर स्लॅबपर्यंत नेलीच नव्हती. सीलिंगच्या वर कोण बघतंय, असं मला वाटलं होतं.

जानेवारीत एका पहाटे पाणी प्यायला उठलो, तर आई हॉलमध्ये जमिनीवर गोधडी घेऊन झोपलेली. तिच्या खोलीत गेलो. कोपऱ्यात छताला काळे ठिपके, पलंगावर कुबट वास. पेटी उघडली. तिच्या लग्नाचं लुगडं घडीवर हिरवट झालं होतं, बोट लावलं तर बुरशी बोटाला आली. महिनाभर ती हॉलमध्ये झोपत होती. सगळे झोपले की अंथरायची आणि आम्ही उठायच्या आत गोधडी उचलायची. का सांगितलं नाहीस, विचारलं. म्हणाली, "तुले वाईट वाटी म्हनीसन सांगं नही."

त्यानंतर सीलिंग सगळं फोडलं. भिंत स्लॅबला भिडवली. स्लॅबखाली थर्माकोलचे जाड शीट लावले आणि खोलीच्या बाजूने प्लास्टिकचा अखंड पडदा, म्हणजे वाफ थंड स्लॅबपर्यंत पोचतच नाही. टाइल्स छतापर्यंत नेल्या. दाराला खाली जाळी, टब वापरून झाला की लगेच झाकण, फॅन पुढे अर्धा तास चालू. पाणी ३८ डिग्रीवर, त्याहून गरम आईला सोसत नाही. हे सगळं आधी केलं असतं तर निम्म्या खर्चात झालं असतं.

मग टब केला ते बरोबर की चूक? गाडी ठरवून तिला दर महिन्याला उनपदेवला नेलं असतं तर? हा हिशोब मी अनेकदा मांडलाय, जुळत नाही. संध्याकाळी ती वीस मिनिटं पाण्यात बसते, नंतर दाराची कडी धरून एकटी उठते. ते बघितलं की वाटतं, केलं ते बरं केलं.

पण खोली वाळून दीड वर्ष झालं. रंग नवा दिला, पेटी आठ दिवस गच्चीवर उन्हात ठेवली. आई अजून हॉलमध्येच झोपते. विचारलं तर म्हणते, इथे वारं चांगलं येतं.