तिकीट मीच द्यायचं होतं

“म्हणजे तिकीट तू देणार?” बाबांनी सांगलीहून फोनवर विचारलं. एबी फॉर्म शेवटच्या दिवशी कुणाच्या खिशात पडतो यावर पैजा लावण्यात त्यांची हयात गेली. पक्षाचा उमेदवार पोरीनं ठरवायचा, हे त्यांच्या पचनी पडेना. माझ्याही पडत नव्हतं.

१० जून २०२५ ला न्यू जर्सीत गव्हर्नरपदाची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार मतदारांनीच निवडायची निवडणूक, होती. मी एडिसनला राहते. नोव्हेंबरचं मुख्य मतदान सहसा चुकवत नाही, पण माझी नोंदणी ‘अनअफिलिएटेड’, म्हणजे कुठल्याच पक्षात नाही. इथे अशा मतदाराला प्रायमरीच्या दिवशी केंद्रावरच पक्ष सांगता येतो. डेमोक्रॅटिक बाजूला जायचं हे ठरलं होतं. पण तिकडे सहाजण उभे, आणि सगळे महागाईवरच बोलत होते. नोव्हेंबरात सोपं असतं. दोघांतला एक नको असतो, मत आपोआप दुसऱ्याला जातं. इथे नकोसं असं कुणी नव्हतंच.

नमुना मतपत्रिका मी फ्रिजवर गणपतीच्या मॅग्नेटखाली अडकवली. गव्हर्नरपदाच्या चौकटीत सहाही नावं एकत्र. दिसायला साधी गोष्ट, पण त्यासाठी कोर्टात जावं लागलं होतं. आधी राज्यातल्या २१ पैकी १९ काउंट्यांमध्ये, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या भागांत, ‘काउंटी लाइन’ चालायची. काउंटीतल्या पक्षनेत्यांच्या पसंतीचे सगळे उमेदवार, वरपासून खालपर्यंत, एका रांगेत छापायचे आणि बाकीच्यांना कुठल्या तरी कोपऱ्यात टाकायचं. त्या कोपऱ्याला लोक सायबेरियाच म्हणत. सिनेटच्या तिकिटासाठी उभे असलेले अँडी किम यांनी २०२४ मध्ये दावा लावला आणि फेडरल न्यायाधीशांनी त्या वर्षीच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती ही रांग मोडली. ती पुन्हा आली नाही. आपल्याकडे श्रेष्ठी बंद दाराआड ठरवतात. इथे दार उघडं होतं, फक्त एकाच खोलीत दिवा लावलेला असायचा.

आता रांग नव्हती, म्हणून पेन्सिल घेऊन बसले. त्या महिन्यात घरातलं बोलणं दोनच गोष्टींभोवती फिरत होतं. मेच्या मध्याला रेल्वेच्या इंजिनचालकांचा संप झाला, ४० वर्षांतला पहिला. नवऱ्याचं मेट्रोपार्क स्टेशनहून न्यूयॉर्कला जाणं बंद, तो घरातच येरझाऱ्या घालत होता. आणि १ जूनपासून वीज १७ ते २० टक्क्यांनी महागली. घरपट्टीचं तर बोलायलाच नको. राज्याची सरासरीच वर्षाला १०,००० डॉलरच्या पुढे.

नवरा मिकी शेरिल यांच्या बाजूनं. नौदलात हेलिकॉप्टर चालवलेली बाई, नोव्हेंबरात हमखास जिंकेल, हा त्याचा हिशेब. मला स्टीव्हन फुलॉप आवडत होते, कारण त्यांनी योजना तपशिलात मांडल्या होत्या. दोन रात्री त्यांच्या नावापुढे बरोबरची खूण होती. मग ती खोडली. न्यूअर्कच्या महापौरांच्या, रास बराका यांच्या कारकिर्दीत शहरातल्या शिशाच्या सुमारे २३,००० नळजोडण्या तीन वर्षांच्या आत बदलल्या गेल्या. लहानपणी आमच्या वाड्यात नळाला एक दिवसाआड पाणी यायचं, कदाचित म्हणून असेल, पण पाण्याचं काम वेळेत करून दाखवणारा माणूस मला जास्त पटला. नवरा म्हणाला, “नळ बघून गव्हर्नर निवडतेस?” हो, म्हटलं. तू हेलिकॉप्टर बघून निवडतोस.

केंद्रावर सही केली, पक्ष सांगितला. बोटाला शाई नाही, त्यामुळे काही केल्यासारखंच वाटेना. यंत्रासमोर क्षणभर फुलॉप यांच्या नावाकडे बोट गेलं. मग बराका.

शेरिल साधारण एक तृतीयांश मतं घेऊन निवडून आल्या. बराका दुसरे.

“पडला का तुझा माणूस?” बाबांचा फोन.

“पडला.”

“मग आता बंडखोरी?”

मी हसले. नोव्हेंबरात शेरिलबाईंनाच मत दिलं. त्या आल्या. नवरा अजून ऐकवतो. माझी कागदोपत्री नोंद आता डेमोक्रॅट झालीय, आणि टपालपेटीत माझ्या नावानं पक्षाची पत्रकं येतात, त्याच्या नावापेक्षा जास्त.