टेबलावरचा बगळा

"मावशी, टेबल आयकू येऊन राह्यलं." भाच्याचा हा निरोप मागच्या उन्हाळ्यात आला आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

भाचा अमरावतीला राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. त्याला दिसत नाही. मोबाईल त्याला मजकूर वाचून दाखवतो, पण तो यंत्राचा सूर तासभर ऐकला की डोकं भणभणतं म्हणे. म्हणून दारव्ह्याजवळच्या आमच्या गावात बसून मी पुस्तकं वाचते, लॅपटॉपवर ऑडासिटीत रेकॉर्ड करते आणि पाठवते. माईक टेबलावरच्या बुटक्या स्टँडवर उभा असायचा. पान उलटलं की धप्प, कोपर टेकलं की धप्प, पाण्याचा पेला ठेवला की ठण्ण. मला यातलं काही जाणवायचं नाही. त्याला मात्र राज्यघटनेच्या कलम एकवीसच्या मधोमध माझं कोपर ऐकू यायचं.

दुसरा त्रास अंतराचा. समोर पुस्तक, पुस्तकापलीकडे माईक, म्हणजे तोंडापासून हातभर लांब. आवाज बारीक येतो म्हणून गेन, म्हणजे माईकचा आवाज मोठा करणारं बटण, वाढवायचा, आणि गेन वाढवला की टिनावरचा होला, गोठ्यातली घंटी आणि शेजाऱ्यांचा कूलर सगळे राज्यघटनेत शिरतात. माईक निम्म्या अंतरावर आणला तर आवाज साधारण सहा डेसिबलनं वाढतो, गेन तेवढा कमी करता येतो. पण त्यासाठी पुस्तकावर ओणवं व्हावं लागतं. मूलभूत हक्क ओणवं बसून वाचले मी, दोन दिवस पाठ धरली होती.

तेव्हा माईकला वरून, बाजूनं तोंडापाशी आणणारा हात हवा, टेबलाच्या कडेला कसून बसणारा. ऑनलाइन पाहिलं तर पाचशेपासून दहा हजारांच्या वरपर्यंत. रोड नावाच्या कंपनीचा पीएसए१ हा हात सगळे नावाजतात, पण तो माझ्या माईकपेक्षा महाग. मी ६४० रुपयांचा, उघड्या स्प्रिंगांचा, कात्रीसारखा दिसणारा हात मागवला. आमच्या पिनकोडवर तो येत नव्हता, म्हणून दारव्ह्याला नणंदेच्या किराणा दुकानाचा पत्ता दिला.

उघडून टेबलावर ठेवला तशा सासूबाई म्हणाल्या, "हा बगळा कायले आणला?" नाव तेच पडलं.

बगळा टेबलावर बसेचना. आमचं टेबल सासऱ्यांच्या वेळचं, सागवानी. फळी जेमतेम दीड इंच जाड, आणि हाताचा क्लॅम्प, म्हणजे कडेला कसायचा चिमटा, तर दोन इंचापर्यंत उघडतो, मग अडचण कुठे? खाली हात घातला तेव्हा कळलं. फळीच्या खाली, कडेला अगदी लागून, चार बोटं रुंद पट्टी ठोकलेली. क्लॅम्पच्या स्क्रूची चकती टेकायला फळीखाली दीड-दोन इंच सपाट जागा लागते, ती चारही बाजूंनी नाही. जाहिरातीत जाडी लिहिलेली असते, या पट्टीबद्दल कोणी बोलत नाही. मग मुलाच्या अभ्यासाच्या टेबलावर लावून पाहिला. ते भुशाच्या दाबलेल्या फळीचं. तीन पिळे दिले आणि वरचा सनमायका कर्रकन् दबला. खाली-वर प्लायवूडचा तुकडा ठेवून कसायला हवं होतं, हे सुचलं तोवर चंद्रकोरीएवढा खड्डा पडला होता. मुलगा अजून तो पाहुण्यांना दाखवतो.

मग आट्यांचं प्रकरण. माईकच्या क्लिपला ५/८ इंचाचे आटे, हाताच्या टोकाला ३/८ चे. मधला पितळी अडॅप्टर विकणाऱ्यानं पाठवलाच नव्हता, आणि आमच्या पत्त्यावरून परत न्यायला कोणी येत नव्हतं. गावातल्या मोटार वाइंडिंगवाल्याकडे गेले. त्यानं डबा उपडा केला, पाच-सहा नट लावून पाहिले, आणि क्लिप नखानं खरवडत म्हणाला, "वहिनी, मापाचा नट आहे, पण आटे नाई जमत. हे लय बारीक हायेत." बरोबर होतं त्याचं. माईकचे ५/८ चे आटे इंचाला सत्तावीस असतात, साध्या बोल्टाला त्याच मापात अकरा. कॅमेऱ्याच्या स्टँडला तर तिसरंच, १/४ इंच. अडॅप्टर शेवटी वेगळा मागवला, साठ रुपये, आठ दिवस.

एवढं करून माईक चढवला, हात पुढे ओढला आणि सोडला. बगळ्यानं सावकाश मान खाली घातली आणि चोच पुस्तकावर टेकवली.

तेव्हा कुठे मला माईकचं वजन करायचं सुचलं. नणंदेच्या दुकानातल्या काट्यावर, साखरेच्या पुड्या बाजूला सारून, क्लिप, फोमची टोपी आणि हातावरून जाणारी वायर, सगळ्यासकट ठेवला: ५९० ग्रॅम. नुसता माईक त्याहून बराच कमी, पण हाताला सगळंच पेलायचं असतं. माईकामाईकात फरकही मोठा. भजनापासून सभेपर्यंत दिसणारा शुअरचा एसएम५८ भरतो २९८ ग्रॅम, त्याच कंपनीचा एसएम७बी ७६६. माझ्या हाताच्या खोक्यावर एक किलो लिहिलं होतं. असेलही, घडी करून उभा ठेवल्यावर.

उलटंही होतं, हे नंतर कळलं. जड माईकसाठी बनवलेल्या कडक स्प्रिंगच्या हाताला हलका माईक लावला तर तो आपोआप वर जातो. स्प्रिंग आणि वजन यांची बरोबरी झाली तरच हात ठेवाल तिथं थांबतो. ही युक्ती मुळात माईकची नाहीच, दिव्याची. जॉर्ज कारवर्डाइन नावाच्या इंग्रज माणसानं, जो मोटारींच्या सस्पेन्शनचं काम करायचा, १९३२ साली स्प्रिंगच्या तोलावर कुठेही थांबणाऱ्या दिव्याचं पेटंट घेतलं. आमच्या बगळ्याला मी आता एलईडी दिवा बांधला आहे. तो तोलतो.

दुसरा हात घेताना आधी टेप आणि काटा काढला, मोबाईल नंतर. वजन माझ्या ५९०च्या दीडपट तरी पेलणारा, स्प्रिंग नळीच्या आत असलेला, अडॅप्टर सोबत देणारा. उघड्या स्प्रिंगा हात हलवला की टुंग्ग करतात. जुन्या सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या वेटोळ्यांत अडकवून मी तो आवाज बराच मारला होता, पण पूर्ण गेला नाही. स्क्रीनच्या खालून येणारे बुटके हात छान दिसतात, मात्र समोर पुस्तक असणाऱ्याच्या ते कामाचे नाहीत. १,८५० रुपये गेले. पहिल्याचे ६४० आणि अडॅप्टरचे साठ धरले तर अडीच हजारांच्या वर. स्वस्तातलं घ्यायला निघालेल्या बाईचा हा हिशेब.

पण खरा फरक हातानं पडला नाही. टेबलाला लावला असता तर टेबलाचा धप्प हाताच्या दांड्यातून थेट माईकात चढला असता, पट्टीनं एका परीनं वाचवलंच. मिस्त्रीला बोलावून खिडकीशेजारी भिंतीत दोन लोखंडी अँगल आणि त्यावर फूटभर लांब फळी बसवून घेतली. भिंत मातीची, दीड फूट जाड. क्लॅम्प त्या फळीला, खाली-वर सायकलच्या ट्यूबचा तुकडा. आता टेबलावर मी गहू पाखडला तरी माईकला पत्ता नाही.

आणि माईक आला चार बोटांवर. लगेच नवं दुखणं: राज्यघटनेत 'भ' फार. भारत, भाग तीन, भाग चार, भाग चार-क. प्रत्येक 'भ'ला फुग्यासारखा फट्ट. मग हात थोडा फिरवून माईक ओठांच्या कोपऱ्याशी, जरा बाजूला ठेवला, तोंड मात्र माझ्याकडेच. श्वास पुढून निघून जातो, आवाज माईकात जातो. बुटक्या स्टँडवर हे जमलंच नसतं.

रेकॉर्डिंग पहाटे चारला करते, कूलर बंद ठेवता येतो तोच वेळ. परवा भाग पाचची फाईल पाठवली. दुपारी उत्तर आलं: "टेबल गेलं मावशी. पण बावन्नव्या कलमाले कोनी कडी लावली काय?"

लावली होती. सासूबाई गोठ्यात जाताना लावतात, आणि दार त्याच भिंतीत आहे.