वाळूतली मेथी आणि तारखांचा रकाना

गेल्या वर्षी आषाढात सासूबाईंचे खुब्याचे हाड मोडले आणि त्या अंथरुणाला खिळल्या. अर्ध्या तासाहून अधिक वेळ त्यांना एकटे ठेवता येत नाही, त्यामुळे तेव्हापासून माझे घराबाहेर पडणे दूध आणि औषधे आणण्यापुरते उरले आहे. आमचे घर ठाण्यात, तिसऱ्या मजल्यावर. गॅलरी उत्तरेकडे उघडते आणि तिथे तुळससुद्धा कशीबशी तग धरते. या घरात बसून मी दोन गोष्टी शिकले: ताटलीत पालेभाजी पिकवणे आणि संगणकावर तिचा हिशेब ठेवणे. पहिली नसती तर दुसरी मला कधीच आली नसती, अशी माझी खात्री आहे, आणि हे कसे घडले ते तपशील विसरण्याआधी लिहून ठेवावे असे वाटले.

घरात धान्य उगवणे आपल्याला नवे नाही. नवरात्रात घट बसवताना परडीतल्या मातीत धान्य पेरले जाते आणि दसऱ्यापर्यंत त्याला वीतभर उंचीचे, पिवळसर, नाजूक कोंब येतात, जे मुले टोपीत आणि बायका केसांत खोवतात. तो पिवळा रंग आपण शुभ मानतो, पण तो येतो अंधारामुळे. देवघरात उजेड कमी असतो, म्हणून पानांत हरितद्रव्य तयार होत नाही आणि कोंब प्रकाशाच्या शोधात उंच वाढत राहतो. माझी पहिली मेथी नेमकी अशीच वाढली आणि चौथ्या-पाचव्या दिवशी आडवी पडली. माझ्या डोळ्यांना तर आमची बैठकीची खोली चांगली उजेडाची वाटत होती. पुढे वाचनात आले की भर दुपारच्या उघड्या उन्हाचा प्रकाश एक लाख लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजण्याचे एकक) आसपास असतो आणि घरातल्या खोलीत तो जेमतेम काहीशे लक्स भरतो. आपले डोळे हा फरक सहज सांभाळून घेतात, पण रोपाला ते जमत नाही. शेवटी मी २० वॅटची पांढऱ्या प्रकाशाची साधी एलईडी ट्यूब मांडणीच्या वरच्या फळीला खालून बसवली आणि तिच्याखाली वीतभर अंतरावर ताटल्या ठेवल्या. झाडांसाठी म्हणून विकले जाणारे जांभळे दिवे मी घेतले नाहीत आणि त्यांची उणीव मला कधी भासली नाही.

दुसऱ्या ताटलीचे प्रकरण आजही मनाला लागून आहे. मेथी रात्रभर भिजवून, ओल्या कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याच्या भुशावर) पसरून, वर दुसरी ताटली पालथी घालून ठेवली होती. तिसऱ्या दिवशी झाकण उचलले तर प्रत्येक दाण्याभोवती पांढरी लव आली होती. बुरशी लागली असे समजून मी सगळी ताटली कचऱ्यात टाकली. चौथ्या ताटलीत पुन्हा तेच दिसले. या वेळी मी खिडकीशी नेऊन, चष्मा लावून, नीट पाहिले. ती लव मुळाच्या चहूबाजूंनी सारखी फुटलेली होती, बाटली धुण्याच्या ब्रशच्या केसांसारखी. पाण्याचा बारीक फवारा मारताच ती मुळाला चिकटून दिसेनाशी झाली आणि मूळ स्वच्छ उरले. ते मूलरोम होते, म्हणजे पाणी शोषून घेणारे मुळांचे केस. बुरशी अशी दिसत नाही. ती कोळ्याच्या जाळ्यासारखी एका दाण्यावरून दुसऱ्यावर पसरते, फवाऱ्याने जात नाही आणि तिला कोंदट वास येतो. चांगली उगवलेली ताटली केवळ अज्ञानाने फेकून दिल्याची हळहळ मला फार वाटली आणि त्याच दिवसापासून मी वहीत नोंदी करू लागले.

दहाव्या-अकराव्या दिवशी पाचवी ताटली मी सासूबाईंच्या खाटेजवळ नेली. त्यांनी दोन काड्या उपटून चावल्या आणि म्हणाल्या, "अगं, ही तर वाळूतली मेथी!" त्यांचे माहेर अलिबागजवळचे. किनाऱ्यालगतच्या वाळूत दाट पेरून, बोटभर झाल्यावर मुळासकट उपटून, चिमूटभर जुड्या बांधून ती विकायला येत असे. मुंबईच्या बाजारात ती आजही मिळते. मुळांना चिकटलेली वाळू जाईपर्यंत पाच-सहा पाण्यांनी धुवायची आणि कांदा-मिरचीवर जराशी परतायची, हे त्यांनी मला पडल्या पडल्या सांगितले. आज शहरी दुकानांत प्लॅस्टिकच्या डबीत मायक्रोग्रीन्स म्हणून जे महाग विकले जाते, ते कोकणकिनाऱ्याला जुनेच आहे, हे मला त्या दिवशी कळले.

बियांविषयी एक गोष्ट मात्र बजावून सांगते. शेतीच्या दुकानातले रंगीत, औषध चोळलेले बियाणे यासाठी कदापि वापरू नये. स्वयंपाकघरातली मेथी आणि मोहरी पुरेशी होते. धणे अख्खे न पेरता हलके रगडून दोन दाळी वेगळ्या कराव्या लागतात आणि तरीही ते आठवडाभर वाट पाहायला लावतात. अळीव भिजवू नयेत, त्यांचा गिलावा होतो. ते कोरडेच ओल्या थरावर भुरभुरावेत. आणि मोड कच्चे खाण्याची सवय नसलेलीच बरी. २०११ साली जर्मनीत मेथीच्या मोडांतून पसरलेल्या जिवाणूमुळे जवळपास ४,००० माणसे आजारी पडली आणि ५० हून अधिक दगावली. मोड येतात ती उबदार, ओली जागा जिवाणूंनाही मानवते. आपल्याकडे मोडांची उसळ शिजवून खातात, ती पद्धत मला अधिक शहाणपणाची वाटते. मेथी मुळांपासून वर कात्रीने कापली तरी घरात आजारी माणूस असल्यामुळे मी ती वाफ दिल्याशिवाय वाढत नाही.

वहीतल्या नोंदी वाढल्या तशी त्यांतून काही शोधणे अवघड होऊ लागले. मुलाचा जुना लॅपटॉप कपाटात पडून होता. त्याने फोनवर सांगितले, "आई, स्प्रेडशीट, म्हणजे रकान्यांचे संगणकी तक्ते शिक, तुझे काम सोपे होईल." मी आधी पैसे भरून एका ऑनलाइन शिकवणीत नाव घातले. तिथे पगारपत्रक आणि विक्रीचे तक्ते शिकवत होते, तेही इतक्या वेगाने की हातात माऊस धरेपर्यंत शिकवणारा पुढच्या पडद्यावर गेलेला असे. प्रमाणपत्र मला मिळाले, पण एक बेरीजही मनाने करता येत नव्हती. त्यानंतर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे पाठ सापडले. लिबरऑफिस कॅल्क या स्प्रेडशीटच्या प्रोग्रामचे पाठ तिथे मराठी आवाजात आणि विनामूल्य आहेत, आणि प्रत्येक पाठ साधारण दहा मिनिटांचा आहे. अर्ध्या पडद्यावर पाठ आणि अर्ध्यावर आपली फाइल उघडून, थांबवत थांबवत सोबत करायचे, ही त्यांची रीत. सासूबाईंना झोप लागली की एक पाठ, असा मी नेम धरला. पाठातली उदाहरणे सोडून मी त्यांच्या जागी माझ्या ताटल्या घातल्या आणि तिथून सगळे समजू लागले.

मराठी टंकलेखनासाठी मी इन्स्क्रिप्ट ही कळांची मांडणी निवडली, कारण तिच्यात बराचसा वर्णमालेचाच क्रम आहे. स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या. क आणि ख एकाच कळीवर, ग आणि घ एकाच, त आणि थ एकाच. ख, घ, थ असा महाप्राण हवा असेल तर शिफ्ट दाबायची. ऱ्हस्व वेलांटी दिसते अक्षराच्या आधी, पण टंकायची अक्षरानंतर, म्हणजे उच्चाराच्या क्रमाने. 'मेथी' हा शब्द न बघता टंकता आला तेव्हा शाळेत पाटीवर पहिल्यांदा नाव लिहिल्याचा आनंद पुन्हा झाला.

एके दिवशी पेरणीच्या रकान्यात तारखांच्या जागी पाच आकडी संख्या उमटल्या आणि सगळी फाइल बिघडली या भीतीने माझ्या पोटात गोळा आला. दोन पाठ उलटसुलट पाहिल्यावर उलगडा झाला. कॅल्क तारीख साठवतो ती दिवसांची मोजदाद म्हणून, ३० डिसेंबर १८९९ हा शून्य दिवस धरून. १ जानेवारी २०२४ म्हणजे त्याच्या लेखी ४५२९२. आपले पंचांगकर्ते ज्याला अहर्गण म्हणतात, तीच ही कल्पना: एका ठरावीक दिवसापासून किती दिवस लोटले ते मोजायचे, बाकीचे गणित आपोआप सुटते. त्यामुळेच कापणीच्या तारखेतून पेरणीची तारीख वजा केली की थेट दिवस मिळतात.

ओळी साठल्यावर रकाने बोलू लागले. माझ्या मिठाईच्या खोक्याएवढ्या ताटलीत १५ ग्रॅम मेथी पेरली की कापणीला ८० ग्रॅमच्या आसपास पाला मिळतो. २५ ग्रॅम पेरली तर पाला फारसा वाढत नाही आणि बुरशीची शक्यता मात्र वाढते. श्रावणात खराब झालेल्या ताटल्यांपैकी बहुतेकींना मी वरून पाणी घातले होते, म्हणून आता भोके पाडलेली ताटली पाण्याच्या परातीत दहा मिनिटे ठेवते. विजेचाही हिशेब मांडला: २० वॅट, दिवसाला १४ तास, म्हणजे रोज ०.२८ युनिट, महिन्याला साडेआठ युनिटांच्या आत, आणि त्या उजेडात चार ताटल्या मावतात.

घरातल्या ताटल्यांवर कुटुंब पोसता येते, असे सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. ८० ग्रॅम पाल्याने कुणाचे पोट भरत नाही. परंतु पावसाळ्यात बाजारातली पालेभाजी चिखलाने भरलेली आणि महाग असते, तेव्हा ताटात दोन घास ताजे, हिरवे पडतात, आणि ज्या माणसाला जेवणावर वासना उरलेली नाही त्याला ते दोन घास गोड लागतात. यासाठी मी हे कष्ट आनंदाने करते.

फाइलच्या शेवटी 'शेरा' असा एक रकाना आहे. तो सासूबाई सांगतात आणि मी टंकते: "कडू", "कोवळी हवी होती", "धण्याचा वास आला पण चव नाही". कोकोपीटमधल्या मेथीवर त्यांचा शेरा नेहमी "बरी आहे" एवढाच असे. म्हणून अडतिसाव्या ताटलीला मी नदीची वाळू सात-आठ वेळा धुऊन वापरली. वाळूत पाणी टिकत नसल्याने दिवसातून तीनदा फवारा मारावा लागला, बारा दिवस लागले आणि पाला भरला अवघा ५२ ग्रॅम. वजनाच्या रकान्यात ती मेथीची सर्वांत हलकी ओळ आहे. त्या ओळीपुढे सासूबाईंनी सांगितलेला शेरा आहे: "हीच." एकेचाळिसावी ताटलीही वाळूत पेरली आहे; सोमवारी तिचे झाकण काढायचे आहे.