फोरमचं सॉफ्टवेअर निवडताना: थीम नंतर, आधी चेंजलॉग

फोरम काढायचं ठरलं की सगळे आधी थीम बघतात, मग इमोजी, मग मोबाइलवर कसं दिसतंय ते. यातलं काहीही पुढे अर्ध्या तासात बदलता येतं. बदलायला खरा जीव जातो तो पासवर्ड साठवण्याच्या पद्धतीपायी आणि अपडेट चढवण्याच्या पद्धतीपायी. निवड त्यावरून करावी.

हल्लेखोराला शिरता येईल असं भोक प्रत्येक सॉफ्टवेअरला पडतं. ते बुजवणारं कोणी आहे का, आणि बुजवलेली आवृत्ती आपल्या सर्व्हरवर किती दिवसांत चढते, एवढंच बघायचं असतं. डिसेंबर २००४ मध्ये सँटी नावाचा वर्म, म्हणजे आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम, आला. पर्ल भाषेत लिहिलेला हा वर्म गूगलवर पीएचपीबीबी या फोरम-सॉफ्टवेअरची पानं शोधायचा, शोधलेला शब्द ठळक करणाऱ्या ‘हायलाइट’ पॅरामीटरमधून आपला कोड घुसवायचा आणि सर्व्हरवरच्या पानांच्या जागी स्वतःचं पान ठेवायचा. हजारो फोरम झोपले. शेवटी गूगलने तसे शोधच अडवले तेव्हा त्याचा जोर ओसरला. आणि ते भोक बुजवणारी २.०.११ आवृत्ती नोव्हेंबरातच आलेली होती! ज्यांनी ती महिनाभर चढवली नाही, त्यांचंच नुकसान झालं.

उलटा प्रकारही होतो. सप्टेंबर २०१९ मध्ये व्हीबुलेटिन ५ या फोरम-सॉफ्टवेअरमधली एक त्रुटी कोणीतरी निनावीपणे थेट जाहीर केली. लॉगिन न करता, एकाच विनंतीत सर्व्हरवर हवा तो कोड चालवता येत होता. दोनेक दिवसांत पॅच (दुरुस्ती) आला, पण ऑगस्ट २०२० मध्ये तो अपुरा असल्याचं निघालं आणि सगळी धावपळ पुन्हा. व्हीबुलेटिन विकत घ्यावं लागतं. म्हणजे पैसे मोजले की सुरक्षितता मिळाली, हा हिशेब इथे चालत नाही.

म्हणून सॉफ्टवेअरची जाहिरात वाचण्याआधी त्याचा चेंजलॉग (प्रत्येक आवृत्तीत काय बदललं त्याची यादी) उघडा आणि गेल्या दोन वर्षांच्या नोंदी वाचा. सुरक्षेच्या दुरुस्त्या स्पष्ट लिहिलेल्या आहेत का? त्रुटी कळवायला वेगळा पत्ता आहे का? कोड लिहिणारे चार-पाच जण तरी आहेत, की एकाच माणसाच्या रात्रींवर सगळं चाललंय? दोन वर्षांत एकही सुरक्षा-दुरुस्ती नसेल तर खूश होऊ नका. बहुधा कोणी तपासतच नसतं.

मग अपडेट करून बघा, तेही निवड पक्की करण्याआधी. मागची आवृत्ती टाकायची, दहा-बारा खोट्या पोस्टी टाकायच्या, दोन प्लगइन (वरून जोडायच्या जादा सोयी) बसवायचे आणि मग ताज्या आवृत्तीवर आणायचं. पीएचपीबीबीत नव्या फाइली चढवायच्या आणि डेटाबेस अपडेटर चालवायचा. इन्स्टॉल फोल्डर काढेपर्यंत ते सभासदांना फोरम उघडूच देत नाही, ही चांगली सक्ती आहे. डिस्कोर्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बरीचशी अपडेट अॅडमिन पॅनेलमधून एका बटणावर होतात, पण अधूनमधून कमांड लाइनवरून पूर्ण कंटेनर (सॉफ्टवेअर ज्या बंदिस्त पेटीत चालतं ती) नव्याने बांधावा लागतो आणि तेवढी मिनिटं फोरम बंद राहतो. १ जीबी रॅमवर स्वॅप (डिस्कवरची उसनी मेमरी) दिल्याशिवाय हे बांधकाम मेमरीअभावी मध्येच मारलं जातं. २ जीबी असेल तर डोक्याला ताप नाही. फ्लॅरम हलकं आणि देखणं आहे, पण त्याची अपडेट कंपोझर या कमांड लाइनवरच्या साधनाने होतात. ज्या शेअर्ड होस्टिंगवर (अनेकांत वाटलेल्या सर्व्हरवर) एसएसएच, म्हणजे दुरून कमांड चालवायची सोय, मिळत नाही तिथे त्याच्या वाटेला जाऊ नये.

अपडेट अडतं ते बहुतेक वेळा मूळ सॉफ्टवेअरमुळे नाही, प्लगइनमुळे. पीएचपीबीबी ३.० पर्यंत नवी सोय जोडायची तर मूळ फाइलींतच ओळी घालाव्या लागत, आणि पुढच्या अपडेटला त्या ओळी पुसल्या जात. त्या भीतीने लोक अपडेटच करत नसत. २०१४ मध्ये आलेल्या ३.१ पासून एक्स्टेन्शन, म्हणजे तिथले प्लगइन, वेगळ्या फोल्डरात राहतात. आजही एखादं सॉफ्टवेअर ‘ही ओळ त्या फाइलीत टाका’ असं सांगत असेल तर ते बाद करा. यातली बरीच सॉफ्टवेअर ज्या भाषेत लिहिलेली आहेत त्या पीएचपीचंही तेच. ७.४ चा पाठिंबा नोव्हेंबर २०२२ मध्ये संपला, ८.० चा नोव्हेंबर २०२३ मध्ये, ८.१ चा डिसेंबर २०२५ मध्ये. एक जुनं प्लगइन ७.४ वरच चालतं म्हणून अख्खा सर्व्हर तिथेच अडकवून ठेवलेला अनेक ठिकाणी दिसतो. २०१६ मध्ये उबुंटू या लिनक्स प्रणालीच्या फोरममधून सुमारे २० लाख सभासदांची नावं, ईमेल आणि आयपी पत्ते गेले, तेही व्हीबुलेटिनच्या फोरमरनर या जोडकामातल्या आधीच माहीत असलेल्या एसक्यूएल इंजेक्शनमुळे (डेटाबेसला चोरून आज्ञा देऊ देणाऱ्या त्रुटीमुळे). जोडकामाचा पॅच तेवढा चढवायचा राहिला होता. प्रत्येक प्लगइन म्हणजे आणखी एक चेंजलॉग वाचायचं काम. पाचाच्या वर गेलात तर प्रत्येकाची गरज पुन्हा तपासा.

पासवर्डचं मात्र कोणाच्या शब्दावर सोडू नका. चाचणीच्या फोरमवर दोन खाती काढा, दोघांना एकच पासवर्ड द्या आणि डेटाबेसमधला सभासदांचा तक्ता उघडा. तिथे पासवर्डऐवजी त्याचा हॅश, म्हणजे उलट न फिरवता येणारं सांकेतिक रूप असतं. दोघांसमोर तंतोतंत तीच अक्षरं दिसली तर सॉल्ट (प्रत्येक पासवर्डात मिसळायची वेगवेगळी अक्षरं) नाही, तिथेच थांबा. अक्षरं वेगळी असतील तर सुरुवात बघा. डॉलरचं चिन्ह, २, वाय, पुन्हा डॉलर असं असेल आणि एकूण ६० अक्षरं भरत असतील तर तो बीक्रिप्ट या पद्धतीचा हॅश. डॉलरनंतर ‘अर्गॉन२आयडी’ असेल तर उत्तमच, पीएचपीबीबी ३.३ सर्व्हरवर सोय असेल तर तो वापरतं, नाहीतर बीक्रिप्ट. ० ते ९ आणि ए ते एफ यांतलीच ३२ अक्षरं दिसली तर तो एमडी५, भले सॉल्ट घातलेला असो. मायबीबी या फोरम-सॉफ्टवेअरची १.८ मालिका मुळात दुहेरी, सॉल्ट घातलेला एमडी५ वापरत आली. एमडी५ मुळात वेगासाठी बनवलेला आहे आणि इथे नेमका वेगच नडतो: साधं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला अब्जावधी अंदाज तपासतं. बीक्रिप्ट मुद्दाम मंद आहे. नुसत्या लांबीवर मात्र जाऊ नका. डिस्कोर्स पीबीकेडीएफ२ ही पद्धत वापरतं, त्याचा हॅश साध्या ६४ अक्षरांसारखा दिसतो आणि तरी तो ठीक आहे, कारण मागे लाखो फेऱ्या असतात.

जाता जाता: बीक्रिप्ट पासवर्डचे पहिले ७२ बाइटच बघतो. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं आणि मात्राही वेगळी मोजली जाते. म्हणजे मराठी वाक्याचा पासवर्ड ठेवलात तर साधारण २४ चिन्हांपुढचं लिहिणं वाया.

देवनागरीवरून आठवलं, मायएसक्यूएल या डेटाबेसच्या तक्त्यांचं अक्षरसंकेतन ‘यूटीएफ८एमबी४’ आहे ना ते बघा. जुनं नुसतं ‘यूटीएफ८’ ३ बाइटांपुढे जात नाही. मराठी त्यात व्यवस्थित बसतं, म्हणून चाचणीत काहीच खटकत नाही. मग एक दिवस कोणीतरी ४ बाइटांचा इमोजी टाकतो आणि पोस्ट तिथेच तुटते, नाहीतर जतनच होत नाही. चाचणीच्या पोस्टीत मधोमध एक हसरा चेहरा टाकून पुढे दोन ओळी लिहा, लगेच कळेल.

अॅडमिन पॅनेलकडे चोराच्या नजरेने बघा. २०१३ मध्ये उबुंटूच्याच फोरमवर आधी एका मॉडरेटरचं खातं हाती लागलं. त्या खात्याला घोषणेत कच्चं एचटीएमएल लिहायची परवानगी होती. हल्लेखोराने घोषणेत स्क्रिप्ट पेरली आणि ‘घोषणेच्या पानावर एरर येतोय’ असा निरोप अॅडमिनांना धाडला. जेमतेम अर्ध्या मिनिटात एकाने ते पान उघडलं आणि त्याचं सेशन (चालू लॉगिन) हल्लेखोराच्या हाती गेलं. पुढचं सोपं होतं, कारण पॅनेलमधूनच पीएचपी कोड घालायची सोय होती. १८ लाखांवर खात्यांचे ईमेल आणि सॉल्ट घातलेले एमडी५ हॅश गेले. तेव्हा हे तपासा: मॉडरेटरला कच्चं एचटीएमएल लिहिता येतं का, पॅनेलमध्ये शिरताना पासवर्ड पुन्हा विचारतात का, पॅनेलमधून कोड चालवता येतो का आणि तो दरवाजा बंद करता येतो का. दोन पायऱ्यांचं लॉगिन डिस्कोर्स आणि झेनफोरोत आतच आहे, पीएचपीबीबी ३.३ मध्ये त्यासाठी एक्स्टेन्शन लागतं. अॅडमिन आणि मॉडरेटरांना ते सक्तीचं करा.

अपलोडच्या फोल्डरात पीएचपी चालणं वेब सर्व्हरच्या पातळीवर बंद करा. मग चित्राच्या नावाखाली कोणी स्क्रिप्ट चढवली तरी ती नुसती पडून राहते. एसव्हीजी फाइली परवानगीच्या यादीतून काढा; त्या चित्रासारख्या दिसतात, पण आत स्क्रिप्ट मावते.

मेलचा विषय कंटाळवाणा आहे आणि नवे फोरम हमखास तिथेच अडतात. नोंदणीचा दुवा स्पॅममध्ये गेला तर सभासद येत नाही, पासवर्ड बदलायचा मेल गेला नाही तर आहे तोही जातो. बरेच व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) पुरवठादार थेट मेल पाठवायचं पोर्ट २५ बंद ठेवतात, म्हणून ५८७ वरून मेलसेवेमार्फत पाठवा आणि एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तिन्ही, मेल खरंच आपल्याकडून गेलाय हे पटवणाऱ्या नोंदी डोमेनच्या डीएनएसमध्ये घाला. डिस्कोर्स तर मेल चालल्याशिवाय धड उभंच राहत नाही.

बॅकअप ‘आपोआप होतो’ यावर समाधान मानू नका, तो परत उभा करून बघा. नुसता डेटाबेस पुरत नाही. पीएचपीबीबीत जोडलेल्या फाइली, सभासदांची चित्रं, एक्स्टेन्शन आणि कॉन्फिगची फाइल वेगळी उचलावी लागते. डिस्कोर्सचा बॅकअप डेटाबेस आणि अपलोड घेतो, पण कंटेनरची सेटिंग असलेली फाइल त्यात नसते, आणि प्लगइनांची यादी नेमकी तिथेच असते. मायएसक्यूएलची प्रत काढताना ‘सिंगल ट्रान्झॅक्शन’चा पर्याय लावा, नाहीतर प्रत चालू असताना आलेल्या पोस्टींमुळे धागा एका तक्त्यात आणि पोस्ट दुसऱ्यात असं अर्धवट काहीतरी हाती येतं. मायआयएसएएम प्रकारच्या जुन्या तक्त्यांवर या पर्यायाचा उपयोग नाही; आधी ते इनोडीबी या प्रकारात बदला. आणि प्रत त्याच सर्व्हरवर ठेवलीत तर सर्व्हरबरोबर तीही जाईल.

मग घ्यायचं काय? कमांड लाइनला न घाबरणारा एक माणूस आणि २ जीबीचा व्हीपीएस असेल तर डिस्कोर्स. शेअर्ड होस्टिंगच परवडत असेल तर पीएचपीबीबी, मोजक्या एक्स्टेन्शनांसह. एसएमएफ या आणखी एका सॉफ्टवेअरचा विचार असेल तर २.१ किंवा पुढचं, २.० मध्ये पासवर्डला एमडी५सारखाच वेगवान एसएचए१ आहे, २.१ मध्ये बीक्रिप्ट आला. सर्व्हर सांभाळायला कोणीच नसेल तर दुसऱ्याने चालवलेली सेवा पैसे देऊन घ्यावी. पण आधी पूर्ण डेटाबेस काढून देतात का ते लेखी विचारावं. नुसत्या पोस्टी मिळून पासवर्डचे हॅश मिळाले नाहीत तर फोरम हलवताना प्रत्येक सभासदाला पासवर्ड नव्याने ठेवावा लागतो, आणि ज्यांचे ईमेल पत्ते जुने झाले ते परत येतच नाहीत. धाग्यांचे जुने दुवे नव्या पत्त्यांवर ३०१ ने (कायमचा पत्ताबदल कळवणाऱ्या संकेताने) वळवता येतील का, हेही तेव्हाच विचारून घ्या. डोमेन आपल्या नावावर नसेल तर ते वळवता येत नाहीत.