प्रगती नोंद: एक बायनरी, एक डेटाबेस फाइल – लॉकचा प्रश्न मिटला, शोध सुधारला

प्रकल्प तोच: खासगी पुस्तकसंग्रहातली देवघेव नोंदवणारं वेब ॲप, एकाच बायनरीत, म्हणजे थेट चालवता येणाऱ्या एका फाइलमध्ये. गो १.२२ ही प्रोग्रामिंग भाषा, एका फाइलमध्ये राहणारा एसक्यूलाइट डेटाबेस, सर्व्हरवरच तयार होणारं एचटीएमएल, पुढे विनंत्या घेणारा वेब सर्व्हर एनजिनएक्स आणि प्रोसेस सांभाळायला लिनक्सवरचं सिस्टमडी. कामांची वेगळी रांग (क्यू) नाही, कॅश सर्व्हर नाही, सर्च सर्व्हर नाही. राउटरची (कुठली विनंती कुठल्या फंक्शनकडे जाईल ते ठरवणाऱ्या भागाची) बाहेरची लायब्ररीही आता काढून टाकली आहे, कारण १.२२ पासून गोच्या मूळ राउटरलाच मेथड आणि पाथमधले व्हेरिएबल कळतात. या टप्प्यातलं काम स्क्रीनवर फारसं दिसणार नाही. ते सगळं त्या एका डेटाबेस फाइलभोवतीचं आहे.

‘डेटाबेस इज लॉक्ड’

शीर्षकातला लॉकचा प्रश्न म्हणजे ही एरर. एसक्यूलाइटमध्ये एका वेळी लिहिणारा एकच. वॉल मोडमध्ये (नवे बदल आधी शेजारच्या वॉल फाइलमध्ये लिहायची पद्धत) वाचणारे आणि लिहिणारा एकमेकांना अडवत नाहीत, पण दोन लिहिणारे तरीही एकदम चालत नाहीत. बिझी टाइमआउट, म्हणजे लॉक सुटायची वाट बघायची मुदत, ५००० मिलिसेकंद ठेवला की काम झालं, असं बहुतेकांना वाटतं. लोड आला की एरर येतेच. त्यामागे दोन वेगळी कारणं आहेत आणि ती एकाच वेळी दिसतात, म्हणून गोंधळ होतो.

पहिलं कारण कनेक्शन पूल, म्हणजे डेटाबेसशी उघडून ठेवलेल्या कनेक्शनांचा साठा. वॉल मोड फाइलमध्येच नोंदला जातो, एकदा लावला की कायमचा. बिझी टाइमआउट आणि फॉरेन की (नोंदीत उल्लेखलेली ओळ दुसऱ्या टेबलात खरंच आहे ना, ही तपासणी) मात्र ज्या त्या कनेक्शनपुरते असतात. ॲप सुरू होताना एकदा प्राग्मा (एसक्यूलाइटची सेटिंग लावणारी आज्ञा) चालवला तर तो पूलमधल्या कुठल्यातरी एका कनेक्शनला लागतो. गर्दीत उघडलेल्या नव्या कनेक्शनला त्याचा पत्ताच नसतो. टाइमआउट नसेल तर निदान एरर तरी दिसते. फॉरेन की बंद असेल तर काहीच दिसत नाही, नसलेल्या सभासदाच्या नावावर पुस्तक बिनबोभाट नोंदलं जातं. म्हणून सगळे प्राग्मा कनेक्शन स्ट्रिंगमध्येच द्यायचे. तपासायची सोपी रीत: टेस्टमध्ये पूलमधून चार कनेक्शन एकाच वेळी धरून ठेवायची आणि प्रत्येकाला फॉरेन कीची किंमत विचारायची. चारही ठिकाणी १ यायला हवा.

दुसरं कारण जरा खोलातलं. साध्या ‘बिगिन’ने सुरू झालेलं ट्रान्झॅक्शन (सगळे बदल एकत्र होतील किंवा एकही नाही, असा गट) आधी लॉक घेतच नाही. ते ‘पुस्तक जागेवर आहे का’ एवढं वाचतं आणि मग नोंद लिहायला जातं. मधल्या वेळात दुसऱ्या कनेक्शनने काही कमिट (पक्कं) केलं असेल तर आपण वाचलेली स्थिती शिळी झालेली असते. कितीही थांबलं तरी ती ताजी होणार नाही, म्हणून एसक्यूलाइट टाइमआउटकडे न बघता तिथल्या तिथे एरर देतं. टाइमआउट वाढवून हे कधीच सुटत नाही. लिहिणारं ट्रान्झॅक्शन ‘बिगिन इमिजिएट’नेच सुरू करायचं, म्हणजे रांग दारातच लागते आणि तिथे टाइमआउट व्यवस्थित लागू होतो.

सध्याची मांडणी अशी: दोन पूल. लिहिण्याच्या पूलमध्ये कमाल कनेक्शन १, वाचण्याच्या पूलमध्ये ४ आणि त्यांच्यावर ‘क्वेरी ओन्ली’ चालू, म्हणजे चुकून तिथून लिहायला गेलं तर लगेच एरर. या मांडणीचा स्वतःचा एक सापळा आहे. उघड्या ट्रान्झॅक्शनच्या आतून एखादं फंक्शन पुन्हा लिहिण्याच्या पूलकडे कनेक्शन मागायला गेलं, तर एकुलतं एक कनेक्शन आपल्याच हातात असल्याने ते अनंतकाळ थांबतं. एरर नाही, लॉग नाही, पान नुसतं फिरत राहतं. लिहिणाऱ्या प्रत्येक फंक्शनला ट्रान्झॅक्शन पॅरामीटर म्हणून द्यायचं आणि कॉन्टेक्स्टला (गोमध्ये कामासोबत त्याची मुदत वाहून नेणाऱ्या पॅरामीटरला) ५ सेकंदांची मुदत लावायची. ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून ईमेल पाठवणं किंवा बाहेरची एपीआय बोलावणं तर पूर्ण वर्ज्य. समोरचा सर्व्हर रेंगाळला तर आपलं सगळं लिखाण त्याच्यासोबत रेंगाळतं.

जाता जाता: डेटाबेसशेजारची वॉल फाइल फुगत असेल तर दोष बहुधा न मिटलेल्या वाचनाचा असतो. चेकपॉइंट (वॉल फाइलमधले बदल मुख्य फाइलमध्ये उतरवणं) साधारण १००० पानांनी, म्हणजे ४०९६ बाइटच्या पानाला ४ एमबीच्या आसपास होतो. पण कुणी जुनी स्थिती वाचत बसलं असेल तर फाइल पुन्हा सुरुवातीपासून वापरता येत नाही. क्वेरीचे निकाल बंद करायचे राहिलेत का, ते आधी बघा.

पार्श्वभूमीतली कामं

आठवणीचे ईमेल त्याच प्रोसेसमधली एक गोरूटीन (गोमध्ये समांतर चालणारं फंक्शन) पाठवते. कामांचं एक टेबल: प्रकार, जेसन, कधी चालवायचं, किती प्रयत्न झाले, स्थिती. देवघेवीची नोंद आणि ईमेलचं काम एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये पडतात, त्यामुळे नोंद झाली पण ईमेलचं काम हरवलं असं होत नाही. काम उचलायला ‘अपडेट… रिटर्निंग’ची एकच क्वेरी पुरते (एसक्यूलाइट ३.३५ किंवा पुढचं हवं). प्रोसेस एकच असल्याचा फायदा इथे रोकडा मिळतो: सुरू होताना ‘चालू’ स्थितीत सापडलेलं प्रत्येक काम मागच्या प्रोसेसचं अर्धवट राहिलेलंच असणार, सगळी सरसकट पुन्हा रांगेत टाकायची. ईमेल गेल्यावर पण स्थिती बदलण्याआधी प्रोसेस मेली तर तोच ईमेल दोनदा जाईल. आठवणीच्या ईमेलला ते चालतं; पैशांच्या व्यवहाराला चालणार नाही.

मराठी शोध

या टप्प्यातला सगळ्यात मजेशीर भाग. एसक्यूलाइटचा मजकूर शोधणारा भाग, एफटीएस५, वरकरणी मराठी व्यवस्थित शोधतो, आणि म्हणूनच फसवतो. मजकुराचे शब्द पाडणारा त्याचा नेहमीचा टोकनायझर, युनिकोड६१, फक्त अक्षरं, अंक आणि खासगी वापराची चिन्हं शब्दाचा भाग मानतो. आपल्या काना-मात्रा-वेलांट्या, अनुस्वार आणि हलन्त युनिकोडमध्ये अक्षर नसून जोडचिन्ह म्हणून नोंदलेले आहेत, त्यामुळे तो त्यांना रिकाम्या जागेसारखं वागवतो. ‘काल’चे तुकडे होतात क, ल. ‘केली’चेही क, ल. ‘किल्ला’चे क, ल, ल. म्हणजे ‘काल’ शोधलं की ‘किल्ला’ही येतो. हवं ते पुस्तक यादीत असतंच, सोबत कचरा असतो. दहा-वीस पुस्तकांवर चाचणी केली तर पत्ताही लागत नाही.

उपाय टोकनायझरच्या ‘कॅटेगरीज’ पर्यायात आहे. मूळ यादीत एमएन आणि एमसी हे जोडचिन्हांचे दोन वर्ग जोडायचे आणि टेबल नव्याने बांधायचं. जुन्या टेबलाचा टोकनायझर जागेवर बदलता येत नाही.

पुढची अडचण ‘ऱ्य’ची. ‘दुसऱ्या’ दोन प्रकारे टाइप होतो: एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर (किंवा र खाली नुक्ता, म्हणजे टिंब), दुसऱ्यात र, हलन्त आणि अक्षरं जोडणारं, न दिसणारं चिन्ह झेडडब्ल्यूजे. स्क्रीनवर दोन्ही जुळे, डेटाबेससाठी दोन वेगळे शब्द. एनएफसी नॉर्मलायझेशनने (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करायची युनिकोडची पद्धत) र अधिक नुक्ता याचा ऱ होतो, पण झेडडब्ल्यूजेच्या वाटेला ते जात नाही. म्हणून आधी एनएफसी, मग ‘र, हलन्त, झेडडब्ल्यूजे’च्या जागी ‘ऱ, हलन्त’. हेच फंक्शन साठवताना आणि शोधताना, दोन्हीकडे लागलं पाहिजे. एकीकडेच लावलं तर आधीपेक्षा वाईट अवस्था होते.

विभक्तीसाठी सध्या प्रीफिक्स शोध. ‘झाड’ला शेवटी तारा लावला की ‘झाडाला’, ‘झाडावर’ सापडतात. ‘घोडा’वरून ‘घोड्याला’ सापडत नाही, कारण सामान्यरूपात मूळ शब्दच बदलतो. तीन-तीन अक्षरांचा ट्रायग्रॅम टोकनायझर हाही पर्याय होता, पण तिथे तीनपेक्षा कमी कोडपॉइंटचा (युनिकोडमधल्या सुट्या चिन्हांचा) शब्द शोधता येत नाही. ‘घर’, ‘वन’, ‘मन’ शोधून काहीच मिळणार नसेल तर पुस्तकांच्या यादीत तो बाद.

एसक्यूलाइटचा सी-आधारित ड्रायव्हर (गोला डेटाबेसशी जोडणारी लायब्ररी) वापरणाऱ्यांनी एफटीएस५ चा बिल्ड टॅग, म्हणजे बायनरी बनवताना द्यायचा पर्याय, विसरू नये. विसरला तर बायनरी बनते आणि पहिल्याच क्वेरीला ‘असं मॉड्यूल नाही’ म्हणून फुटते.

डिप्लॉय

चालू बायनरीवर थेट नवी कॉपी केली तर लिनक्स ‘टेक्स्ट फाइल बिझी’ म्हणून अडवतो. शेजारी दुसऱ्या नावाने ठेवायची आणि ‘एमव्ही’ने नाव बदलायचं, मग रिस्टार्ट. त्या क्षणभरात एनजिनएक्स ५०२ (मागचं ॲप उत्तर देत नाही) देतो. ते टाळायला विनंत्या ऐकणारं सॉकेट (नेटवर्क जोडणीचं टोक) सिस्टमडीकडे दिलं आहे आणि ॲप ते फाइल डिस्क्रिप्टर (प्रोसेसने उघडलेल्या फाइल-सॉकेटचा क्रमांक) ३ वरून उचलतं. रिस्टार्टच्या वेळी आलेल्या विनंत्या सॉकेटवर थांबून राहतात. मायग्रेशन (डेटाबेसची रचना बदलणं) लांबलं तर मात्र एनजिनएक्सची ६० सेकंदांची मुदत संपून ५०४ (उत्तर वेळेत आलं नाही) येईल.

सिस्टमडीत रिस्टार्टचा विराम ३ सेकंद ठेवा. मूळ १०० मिलिसेकंदांवर सुरुवातीलाच पडणारं ॲप १० सेकंदांत ५ प्रयत्न संपवतं आणि मग सिस्टमडी हात वर करतं.

मायग्रेशनचा क्रमांक डेटाबेस फाइलमधल्या ‘युजर व्हर्जन’ या आकड्यात. एसक्यूलाइटमध्ये टेबल बनवणं-बदलणंही ट्रान्झॅक्शनमध्ये बसतं, त्यामुळे मायग्रेशन अर्ध्यावर फुटलं तरी फाइल होती तशीच राहते. एक जागा धोक्याची: टेबल नव्याने बांधताना जुनं ‘ड्रॉप’ केलं आणि फॉरेन की चालू असेल, तर आधी आतल्या सगळ्या ओळी डिलीट होतात आणि कॅस्केड (मूळ ओळ गेली की तिच्याशी जोडलेलीही पुसणं) लावलेल्या टेबलांतल्या ओळीही सोबत जातात. फॉरेन की बंद करायची ती ट्रान्झॅक्शन सुरू करण्याआधी, त्याच कनेक्शनवर. ट्रान्झॅक्शनच्या आत तो प्राग्मा गुपचूप दुर्लक्षित होतो. कमिट करण्याआधी ‘फॉरेन की चेक’ चालवायचं.

बॅकअप

चालू डेटाबेस ‘सीपी’ या साध्या कॉपीच्या आज्ञेने उचलायचा नाही; ताजी कमिट झालेली माहिती वॉल फाइलमध्ये असू शकते. ‘व्हॅक्यूम इन्टू’ एक सलग, नीटनेटकी प्रत काढतो. प्रत दुसऱ्या मशीनवर नेऊन तिथेच उघडायची आणि ‘इंटिग्रिटी चेक’ चालवायचा. तो फॉरेन की तपासत नाही, ती तपासणी वेगळी.

पुढच्या टप्प्यात मुखपृष्ठांचे फोटो. फाइल डिस्कवर, डेटाबेसमध्ये फक्त हॅश (फाइलच्या आशयावरून काढलेली तिची ओळख) आणि आकार. एनजिनएक्सची अपलोड मर्यादा मुळात १ एमबी असते, त्यामुळे मोबाइलमधला बहुतेक कुठलाही फोटो ॲपपर्यंत पोचण्याआधीच ४१३ (फाइल फार मोठी) घेऊन परत जाईल. ती १० एमबी करून तेवढीच मर्यादा ॲपच्या कोडमध्येही लावायची आहे.