आवडला नाही, तरी चांगला कसा?

‘चित्रपट आवडला नाही म्हणता, आणि चांगला आहे असेही म्हणता; मग तुमचे नक्की मत काय?’ हा प्रश्न मला चित्रपटगृहाबाहेर, लग्नाच्या पंगतीत आणि परवा तर दंतवैद्याच्या खुर्चीत, तोंड उघडे असताना विचारला गेला, म्हणून एकदाचे लिहून टाकतो.

माझी दोन्ही मते खरी आहेत. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (2014) पाहताना मी मधूनमधून कंटाळलो. कॅमेरा एका जागी रोवून माणसांना चौकटीत येऊ-जाऊ देणारी शैली माझ्या स्वभावाला मानवत नाही. तरीही न्यायालयाला सुटी लागते, दिवे मालवले जातात, पडदा काळा होतो, आपण उठण्याच्या बेतात असतो आणि पुढचे दृश्य येते ते सहलीला गेलेल्या न्यायाधीशांचे. ज्यांच्यावर खटला चालू आहे त्या शाहीर नारायण कांबळे यांचे पुढे काय, हे विचारायची सोयच तिथे उरत नाही. कंटाळा माझा आहे, रचना दिग्दर्शकाची आहे, आणि एकामुळे दुसरे खोटे ठरत नाही.

यावर लोक म्हणतात, ‘म्हणजे तुम्ही चित्रपट पाहतच नाही, नुसता तपासता.’ इथे मला ‘सैराट’चे (2016) सांगावे लागेल. तो मी एका मैत्रिणीबरोबर पाहिला. तिने जातीबाहेर लग्न केले होते आणि भावाशी तिचे बोलणे तुटले होते. चित्रपटाच्या शेवटी, घरच्यांविरुद्ध जातीबाहेर लग्न केलेल्या नायिकेचा, आर्चीचा, भाऊ माणसे घेऊन येतो, तेव्हा आर्ची दारात रांगोळी काढत असते. पाहुण्यांना चहा दिला जातो, आणि आर्ची व तिच्या नवऱ्याचा खून पडद्यावर दिसतच नाही. शेजारीण त्यांच्या लहान मुलाला दाराशी सोडून जाते, आणि पुढे आवाज उरत नाही. मूल रडत बाहेर येते, ते रडणे आपल्याला ऐकू येत नाही, फक्त त्याच्या पावलांचे रक्ताळलेले ठसे उमटत जातात. दिवे लागल्यावर कोणीच बोलत नव्हते. पार्किंगमध्ये मी म्हणालो, ‘आधी अजय-अतुल यांचे एवढे भरजरी संगीत कानांत ओतले, म्हणून शेवटी आवाज काढून घेता आला.’ ती माझ्याकडे पाहत राहिली. ‘तुला तिथे आवाज बंद झालेला दिसला?’ एवढेच विचारून ती रिक्षा करून निघून गेली, आणि पुढे बराच काळ तिने माझा फोन घेतला नाही.

ते विधान बरोबर होते, यावर मी आजही ठाम आहे. तिच्या घशात जो आवंढा अडकला, तो त्याच निर्णयाने अडकवला होता. मी तिच्या दुःखाविषयी नव्हे, तर ते तिच्यापर्यंत कसे पोहोचले याविषयी बोलत होतो. मात्र कारागिरी ओळखणारा माणूस आवडीनिवडीच्या वर उठतो, असे जे मी तेव्हा ऐटीत सांगत असे, ते आता मला पटत नाही. शेवट सोसवेना म्हणून मी ध्वनीच्या आडोशाला गेलो होतो का? तसे असेल, तर माझे निरीक्षणही एक आवडच ठरते, तीही सोयीची.

‘सैराट’ आवडला का, हेही तुम्ही विचारालच. पूर्वार्धातले संथगतीतले धावणे मला फार लांबलेले वाटते. त्या लांबीशिवाय शेवट असा बसला नसता, हे मला कळते. तरीही पुढच्या वेळी मी तिथे घड्याळ पाहीनच.